जुलैतही फुलणारी बाग: डिचोलीच्या कातळावर काय लावावे

प्रश्न असा आला आहे: "गोव्यातल्या डिचोली तालुक्यात सहाशे चौरस मीटरच्या जागेत नवे घर बांधले आहे. जमीन कातळाची, वर बांधकामाची माती पसरलेली. कुंपणाला लागून अकेशियाची दोन मोठी झाडे आहेत. बाग दिसायला सुंदर हवी आणि पक्षी, फुलपाखरे यायला हवीत. रोपवाटिकेतून गुलमोहोर, आफ्रिकन ट्युलिप आणि फॉक्सटेल पाम सुचवले आहेत. ते लावू का? शिवाय जुन्या घरून आणलेल्या कढीपत्त्याला आणि लिंबाला सारखी अळी लागते, त्यावर कोणते औषध फवारू?"

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

उद्या सकाळी कढीपत्त्याचे एक कोवळे पान उलटे करून बघा. मोहरीहून लहान, पिवळसर, गोल अंडे एकटेच चिकटलेले दिसेल. शेजारच्या पानावर चिमणीची शीट पडल्यासारखा काळा-पांढरा ओला डाग असेल. काडीने हळूच हात लावा, तो डाग हलेल. तीच अळी. पक्ष्यांनी टिपू नये म्हणून ती लहानपणी शिटेचे सोंग घेते. शेवटची कात टाकली की हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. डिवचले तर डोक्यामागून दोन लालसर शिंगे बाहेर काढते आणि आंबूस उग्र वास सोडते. ही तुमच्या कढीपत्त्याची वैरीण नाही. अंड्यापासून साधारण महिनाभरात तिचे काळे, पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेले मॉरमॉन फुलपाखरू होते, नाहीतर पिवळ्या-काळ्या नक्षीचे लिंबू फुलपाखरू. म्हणजे ज्या पाहुण्यांना बोलावण्यासाठी तुम्ही मला लिहिले, ते आधीच घरात आले आहेत आणि आपण त्यांच्यासाठी औषध शोधतो आहोत.

मी सव्वीस वर्षे फोंडा तालुक्यात रोपे करतो आणि लोकांच्या बागा लावून देतो. पहिली काही वर्षे मीही फवारणी करायचो. एका बागेत गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर सगळ्या लिंबूवर्गीय झाडांवर जहाल औषध मारले होते. आठवड्याने गेलो तर पाने तुकतुकीत होती आणि बागेत एकही पंख नव्हता. शिंजीरही येईनासे झाले, कारण ते फक्त मध पिऊन जगत नाहीत, पिलांना किडे आणि कोळी भरवतात. तेव्हापासून माझ्या हातून फवारणी झालेली नाही. कढीपत्ता लहान असेल आणि फारच उघडा पडत असेल तर अळ्या उचलून मोठ्या लिंबावर ठेवा, एवढे पुरे. चार फुटांच्या वरच्या झाडाला त्या काही करत नाहीत. खाल्लेल्या फांदीला पाऊस लागला की दुप्पट पालवी फुटते.

आता सुचवलेली झाडे. गुलमोहोर मूळचा मादागास्करचा. मे महिन्यात दिसतो देखणा, मधमाश्या आणि फुलपाखरे थोडी येतातही. पण मुळे वरवरची, लाकूड ठिसूळ आणि आपल्याकडचा पाऊस वारा घेऊनच येतो. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले तेव्हा मी ज्या अंगणांत झाडे उचलायला गेलो, तिथे गुलमोहोर बरेच होते. कातळावर तर त्याला खाली जायला वावच नाही. घरापासून लांब, मोठ्या मोकळ्या भाटात असेल तर असू द्या, सहाशे मीटरच्या आवारात नको.

आफ्रिकन ट्युलिप तर अजिबात नको. त्याची न उमललेली कळी दाबली की पाण्याची पिचकारी उडते म्हणून मुलांना ते झाड आवडते. पण खाली पडलेले ताजे फूल उचलून आत बघा: तळाशी चिकट द्रवात बारीक काळ्या माश्या मेलेल्या सापडतात. त्या डंख नसलेल्या मधमाश्या असतात, जुन्या चिऱ्यांच्या भिंतींच्या फटीत मेणाची नळी काढून राहतात त्याच. इतर देशांतही या फुलांत अशा मेलेल्या माश्या सापडल्या आहेत. भिंतीत त्यांचे घर असलेल्या माणसाने अंगणात हे झाड लावू नये असे मला मनापासून वाटते. फॉक्सटेल पाम अपाय करत नाही, पण शोभेपलीकडे फारसे देतही नाही. फाटकाशी एक हवाच असेल तर लावा.

सुंदर दिसणे आणि पक्षी-फुलपाखरे येणे या दोन गोष्टी गोव्यात एप्रिलमध्ये आपोआप जुळतात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक झाड फुलते. त्या दिवसांत पाखरांना रानातच भरपूर मिळते, तुमच्या बागेचे त्यांना अगत्य नसते. बागेची परीक्षा जुलैत होते, पुन्हा एकदा डिसेंबरात होते. म्हणून कुणी माझ्याकडे यादी मागितली की मी आधी वहीत बारा महिने लिहितो आणि कोणता महिना रिकामा राहतो ते बघतो. तुमच्याकरताही तसेच केले आहे.

मोठी झाडे पाचच्या वर नकोत. सहाशे मीटरमधून घर वजा केले की दहा-बारा झाडे लावण्याचा मोह होतो, पण सात-आठ वर्षांनी ती एकमेकांच्या अंगावर येतात, खाली सावली दाट होते आणि फुलणारी झुडपे मरतात. फुलपाखरांना ऊन लागते, हे लक्षात ठेवा.

ईशान्येच्या कोपऱ्यात, घरापासून लांब, एक पांगारा. जानेवारी ते मार्च पाने गाळून तो लाल होतो आणि सकाळी सातला त्याच्याखाली उभे राहिलात तर साळुंक्या, कोतवाल, बुलबुल, हरेवा, शिंजीर, टकाचोर सगळे एका झाडावर भांडताना दिसतात. कुळागरात मिरीच्या वेलाला आधार म्हणून तो लावतात, त्यामुळे फांदी मिळणे सोपे आहे. मनगटाएवढी जाड फांदी पावसाच्या तोंडाशी रोवली की धरते. फक्त फांदी निरोगी झाडाची घ्या. पांगाऱ्याच्या पानांवर, देठांवर फुगलेल्या गाठी दिसल्या तर ती एका बारीक गांधीलमाशीची लागण असते, अशा झाडाची फांदी घरी आणू नका. खोडाला काटे आहेत, तेव्हा मुलांच्या वाटेवर नको. काटेसावर आणि पळसही त्याच दिवसांत तसेच पक्षी बोलावतात, पण सावर तुमच्या आवाराला फार मोठी होईल.

समोरच्या बाजूला, रस्त्यावरून दिसेल असा बहावा. एप्रिल-मेत पिवळे झुंबर लटकतात आणि काळेभोर भुंगे दिवसभर घोंगावत राहतात. बहाव्याच्या कोवळ्या पानांवर फिकट पिवळ्या-पांढऱ्या एमिग्रंट फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. एखाद्या वर्षी त्या अर्धे झाड फस्त करतात. घाबरू नका, झाड पुन्हा पालवते.

बेडरूमच्या खिडकीबाहेर, पण भिंतीपासून तीन-चार मीटर सोडून, बकुळ लावा. आपल्याकडे ओंवळ म्हणतात तीच. सावकाश वाढते, वाऱ्याला भीत नाही, बारमाही हिरवी. पहाटे अंगणात पडलेली फुले वेचून दोऱ्यात ओवणाऱ्या आजी अजून प्रत्येक वाड्यावर आहेत. फुलांमागून येणारी नारिंगी फळे बुलबुल आणि कोकीळ खातात. मोरीचे पाणी जिथे जिरते, तिथे सीता अशोक. नारिंगी-लाल गुच्छ थेट खोडावर, जाड फांद्यांवर येतात, त्याला ओलावा आणि थोडी सावली मानवते. रस्त्याकडेला सरळसोट खांबासारखा लावतात तो हा अशोक नव्हे, तो वेगळा. तोही पुढे कामाला येईल, कारण टेल्ड जे नावाचे हिरव्या ठिपक्यांचे चपळ फुलपाखरू त्याच्या पानांवर अंडी घालते. पण ते काम सीताफळ, मामफळ किंवा सोनचाफाही करतो, आणि त्यांतून तुम्हाला फळ नाहीतर सुवास मिळतो. पुढे जागा झाली तर त्यांतला सोनचाफा मी घेईन.

पाचवे झाड सुरंगी, आणि त्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ते माझे लाडके आहे. माझ्या आजोळी, पेडण्याच्या बाजूला, एक जुनी सुरंगी होती. मार्चमध्ये उजाडायच्या आधी मामा बांबूची शिडी लावून चढायचा. सुरंगीचे फूल पानाआड, जुन्या जाड फांदीला बिलगून येते. कळी उन्हाने उमलायच्या आत काढावी लागते, उमलली की वळेसराला, म्हणजे गजऱ्याला, चालत नाही. अंधारात आधी वास येई, मग हळूहळू गुणगुण ऐकू येई, आणि तांबडे फुटेपर्यंत सगळे झाड मधमाश्यांनी वाजायला लागे. मामा वरून म्हणायचा, "हालू नका, त्यांचें काम चलतां." त्या माश्यांनी त्याला कधी डंख केल्याचे मला आठवत नाही. बियांपासून केलेल्या रोपाला फुलायला दहाएक वर्षे थांबावे लागते, काही झाडे नर निघतात, म्हणून लोक लावायला कचरतात आणि जुनी झाडे मात्र घर बांधताना जातात. तुमचे घर नवे आहे, तुम्ही तिथे राहणार आहात. लावा.

आता जुलैचा प्रश्न. इथे झाडे नाही, झुडपे उपयोगी पडतात आणि त्यासाठी दूर जायला नको. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला जी फळे-फुले-पाने बांधतो, त्यातले बरेच नेमके पावसात फुलते-फळते. मागच्या कुंपणाला लागून दोन ओळींत माटोळीचेच कुंपण करा. केवण, म्हणजे मुरुडशेंग, तिची विटकरी लाल फुले जुनी झाली की राखाडी-निळी होतात. एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात आणि शिंजीर त्यावर पावसाच्या उघडिपीत हटकून येतो. पिळदार शेंगा चवथीला हाताशी. शेरवड, म्हणजे भूतकेस: छोटे नारिंगी फूल आणि त्याच्यापाशी एकच मोठे पांढरे पान. ते पान लांबूनच फुलपाखरांना खूण करते. तिच्या हिरव्या पानांवर कमांडर नावाच्या लालसर फुलपाखराची अळी वाढते. ती पान मधल्या शिरेपर्यंत कुरतडते आणि कचऱ्यासारखी लटकून राहते, त्यामुळे सहजी सापडत नाही. खुळखुळा, आपल्या घागऱ्यो, पिवळ्या फुलांचा. त्याच्या पानांवर, वाळक्या शेंगांवर टायगर आणि क्रो जातींच्या फुलपाखरांचे नर झुंबड करतात. ते मधासाठी येत नाहीत, त्यातला कडू रस शोषतात, मादीला रिझवण्यासाठी त्यांना तो लागतो. मध्ये मध्ये कळलावीचा वेल सोडा. तिचा कंद अतिशय विषारी असतो, घरात लहान मुले, गुरे असतील तर हा वेल गाळा. आणि जागा मिळाली तर एक तोरंजन, म्हणजे पपनस: चवथीला फळ, आणि निळ्या-काळ्या ब्लू मॉरमॉनची मादी अंड्यांसाठी ते झाड पसंत करते. हेच फुलपाखरू 2015 साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले.

हे कुंपण लावण्यामागे माझा आणखी एक हेतू आहे. चवथीच्या आदल्या आठवड्यात बाजारात माटोळीचे ढीग येतात, त्यातले बरेचसे रानातून ओरबाडून आणलेले असते, पुष्कळदा मुळासकट. ज्याच्या दारी चार झुडपे आहेत त्याला ते विकत घ्यावे लागत नाही.

याच काळात पुढच्या अंगणासाठी पिटकोळी आणि पॅगोडा. पिटकोळी म्हणजे आपल्या सड्यावरची लाल फुलांची रानटी एक्झोरा. रोपवाटिकेतल्या बुटक्या चिनी जातीपेक्षा तीच घ्या. तिच्या फुलाची नळी लांब असते, मोठ्या फुलपाखरांच्या सोंडेला ती जमते आणि पिकलेली फळे मुले आणि बुलबुल वाटून खातात. पॅगोडाचे शेंदरी मनोरे पावसाळाभर टिकतात. त्यांच्यावर सदर्न बर्डविंग उतरताना एकदा बघा: पंख पसरले की सहा-सात इंच, मागचे पंख सोनेरी पिवळे, आणि बसत नाही, थरथरत मध पितो. तो नुसता येऊन जाऊ नये, राहावा असे वाटत असेल तर पॅगोडाजवळच सापसणीचा स्थानिक वेल चढवा. त्याची अळी त्या वेलाच्या कुळाखेरीज दुसरे काही खात नाही.

ऑक्टोबरपासूनचे महिने थोडक्यात. पारिजात ऑगस्टपासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत, संध्याकाळी उमलतो आणि रात्री मोठे पतंग त्याच्यावर फिरतात. कोरांटी थंडीत फुलते, पॅन्सी जातीच्या फुलपाखरांच्या अळ्या तिच्यावर वाढतात. आणि डिसेंबर ते मार्च धायटी. कातळासाठी धायटीसारखे झुडूप नाही. दगडाच्या फटीत, पाण्यावाचून, आडव्या फांद्या लाल नळ्यांनी भरून जातात आणि शिंजिरांच्या जोड्या तिथून हलत नाहीत. रोपवाटिकेत ती क्वचित मिळते, कारण मागणी नाही. वनखात्याच्या रोपवाटिकेत विचारा, नाहीतर पावसात ओळखीच्या सड्यावरून जागामालकाला सांगून बी आणा. जास्वंद लावाल तेव्हा एकेरी लाल लावा, गेंदेदार जास्वंदीत पाकळ्यांच्या गर्दीत मधापर्यंत चोच पोचत नाही. कण्हेर विषारी आहे हे सांगून सुचवतो, कारण तिच्या पानाखाली कॉमन क्रोचा कोष लटकतो तेव्हा चांदीचा थेंब टांगल्यासारखा चमकतो. तेवढ्यासाठी मी घराच्या मागे एक ठेवली आहे.

घाणेरी मात्र लावू नका, कुणी कितीही फुलपाखरे दाखवली तरी. बुलबुल तिच्या बिया तुमच्या बागेतून रानात नेतात आणि तिथे ती सगळे गिळते.

जमिनीबद्दल दोन गोष्टी, कारण कातळावर रोपे मरतात ती पाण्याअभावी कमी आणि पाण्यात बुडून जास्त. मी स्वतः एका घरी कातळात सुबक चौकोनी खड्डे खणून पाच ओंवळी लावल्या होत्या. जुलैत प्रत्येक खड्ड्याचा हौद झाला आणि ऑगस्टपर्यंत चार गेल्या. खड्डा तीन फूट लांब-रुंद घ्या आणि पहारीने वरचा टणक थर फोडून खालची मऊ पिवळट माती लागेपर्यंत जा. तिथवर पोचणे शक्य नसेल तर उताराच्या बाजूने खड्ड्याला चर काढा आणि रोप जमिनीपासून वीतभर उंच मातीच्या ढिगावर लावा. खड्डे एप्रिल-मेत खणून उन्हात तापू द्या. लागवड पहिल्या सरीला नको, पाऊस लागून राहिला की, जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर.

दुसरी गोष्ट बांधकामाच्या मातीची. त्यात सिमेंट आणि चुना असतो, त्याने माती अल्कधर्मी होते. आपली झाडे आम्लधर्मी मातीत वाढलेली. नव्या भिंतीलगत पिटकोळीची पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोक खत घालत राहतात, दोष खताचा नसतोच. भिंतीलगतची दीड-दोन फूट माती काढून टाका आणि परिसरातली लाल माती, कुजलेला पातेरा आणि शेणखत भरा. पातेरा जाळू नका. रोपाभोवती चार बोटे जाड पसरा, खोडाला न चिकटवता. पहिले दोन उन्हाळे, फेब्रुवारी ते मे, आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्या, त्यानंतर यांतल्या बहुतेकांना लागणार नाही.

रोप दोन-तीन फुटांचेच घ्या. दहा फुटी तयार झाडाची मुळे पिशवीत गोल फिरून जखडलेली असतात, ते लगेच बाग भरल्यासारखी दाखवते आणि चौथ्या-पाचव्या पावसात कलंडते.

अकेशियाची दोन झाडे आहेत ती लगेच पाडू नका. खासगी जागेतले झाड तोडायलाही 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, आणि आज तुमच्या आवारात कोतवालाला बसायला तेवढीच उंच फांदी आहे. त्यांच्याखाली सहसा काही उगवत नाही, म्हणून तिथे पाण्याचे पसरट मातीचे भांडे ठेवा, बोटभर खोल, मध्ये एक चिरा. पाणी एक दिवसाआड बदला, डासांची भीती राहत नाही. भांड्याशेजारी हातभर जागा चिखलाची ओली ठेवून चिमूटभर मीठ टाकलेत तर दुपारी नर फुलपाखरे तिथे थव्याने बसतील. पांगारा आणि बहावा वर आले की पाच वर्षांनी एका अकेशियासाठी अर्ज करा, दुसऱ्यासाठी त्यानंतर.

झुडपे वाढली की साप येतील, ही शंका तुम्ही लिहिली नाहीत, पण घरातले कुणीतरी काढणारच. पायरी आणि पडवीपासून सहा फूट जागा मोकळी आणि झाडलेली ठेवा, तिथे धायटी, केवण काही नको. लाकडांचा ढीग आणि कोंबड्यांचे खाणे कुंपणापाशी साठवू नका. उंदीर नसतील तर साप सहसा आवारात थांबत नाही, वाटेने येतो आणि वाटेने जातो.

यंदाचे खड्डे कुठे घ्यायचे ते ठरवायला जागेचा कच्चा नकाशा काढा. विहीर, सेप्टिक टाकी, विजेच्या तारा आणि दुपारी तीनला सावली कुठवर येते एवढे त्यावर दाखवा. सुरंगीची जागा आधी ठरवा, बाकीची तिच्याभोवती बसवता येतात.